म्हणे, साधी गाठ

तिची दातखीळ बसली होती. माझी सून स्वयंपाकघराच्या जमिनीवर आडवी पडली होती, हातपाय ताठ, डोळे वर गेलेले, ओठांच्या कडेला फेस. घामाने गाऊन पाठीला चिकटला होता. सकाळचे साडेसात वाजले होते. माझा मुलगा दारात उभा राहून टाय बांधत होता.

"आई, लक्ष देऊ नकोस," तो म्हणाला. "नाटक आहे. आपण बघितलं की जास्त करते."

"फेस कुठल्या दुकानातून आणला मग तिने?"

"तुला कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, सायकॉलॉजिकल आहे."

माझी शाळा चौथीपर्यंत. सायकॉलॉजिकल मला कळत नाही. मरायला टेकलेलं माणूस कळतं, कारण तशी तीन माणसं मी घरात बघितली होती. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलाव. तो म्हणाला, अँब्युलन्स आली की सगळी बिल्डिंग गॅलरीत येईल, आधीच कचऱ्याच्या प्रकरणावरून लोक आपल्याला बघून गप्प होतात. बायको जमिनीवर फेस काढतेय आणि ह्याला गॅलरीतल्या लोकांची काळजी. मी जन्म दिलेला मुलगा हा.

मी बोट ओलं करून साखरेच्या डब्यात बुडवलं आणि तिच्या गालाच्या आतून, दातांच्या बाहेरून चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. मग दार उघडून जिन्यात गेले आणि मराठीत ओरडले. समोरच्या दारातली जपानी म्हातारी बाहेर आली, आमच्या घरात डोकावली, माझ्या मुलाकडे बघितलंही नाही, सरळ आपल्या घरात जाऊन फोन लावला. अँब्युलन्स तिने बोलावली.

हे नव्वदच्या दशकातलं. मुलगा बँकेच्या टोकियोच्या ऑफिसात तीन वर्षांसाठी गेला होता आणि नवराबायको टोकियोजवळ इचिकावाला राहत होते. मूलबाळ नव्हतं. दीड वर्ष बरं गेलं, मग त्याची पत्रं बदलली. तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं लिहिलं. सकाळी उठून भलतंच बोलते. एकदा अनवाणी खाली गेली, तिथे कचऱ्याचे वार ठरलेले, तर भांडी-बाटल्या टाकायच्या दिवशी ओला कचरा ठेवून आली, आणि कुणी सांगायला गेलं तर त्याच्या तोंडावर हसली. मग घर कुठलं ते तिला आठवेना, दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवत बसली. मानसोपचाराच्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात, उपयोग नाही. तू ये आणि तिला घेऊन जा. नाशिकला तिच्या आईवडिलांकडे सोड.

मी त्यासाठीच गेले होते. तिला वेडी म्हणून माहेरी पोचवायला. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून तेच ठरवलं होतं, तिला सोडून.

तिथे गेल्यावर मला वेडी बाई कुठे दिसेना. दुपारी ती माझ्याशी नीट बोलायची, हिशोबाने भाजी आणायची, जपानी पाट्या वाचून दाखवायची. जाड झाली होती. सारखी खायची. पलंगाच्या बाजूला बिस्किटांचा पुडा ठेवायची आणि पहाटे उठून खायची, त्यावरूनही नवरा बोलायचा, "खादाड झालीय, दुसरं काही नाही." पण काही सकाळी ती उठायची ती वेगळीच. गॅस कसा लावायचा ते विसरायची. मला 'आई' म्हणायची ती 'बाई' म्हणायला लागायची. हात थरथरायचे. मी चहा करून द्यायचे, माझ्या पद्धतीचा, तीन चमचे साखरेचा. आणि पंधरा मिनिटांत माणूस जागेवर.

"आई, मी काही वेडंवाकडं बोलले का?" असं विचारायची.

"बोललीस. पण फार शहाण्यासारखं कधी बोलायचीस?" मी म्हणायचे. ती हसायची.

मुलाला मी सांगितलं, चहाने बरी होते. तो म्हणाला, "चहाने वेड बरं होत नाही, आई." मी म्हटलं, तेच तर मी म्हणतेय. त्याला कळलं नाही. शिकलेला होता ना.

आता माझं पाप. आमच्या घरात सुनेने संकष्टी धरायची, हा माझ्या सासूपासूनचा रिवाज. मुंबईला संकष्टी म्हणजे काय? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता दूध-केळं, शेंगदाण्याचा लाडू. रोजच्यापेक्षा जास्त खायचं आणि उपवास म्हणायचं. तिला मुंबईला कधी काही झालं नाही. पण तिचं डोकं बिघडल्याचं कळल्यावर मीच तिला पत्र लिहिलं होतं, की संकष्टी नुसत्या पाण्यावर कर, कडक कर, चंद्र बघूनच सोड, देव तुझं डोकं ताळ्यावर आणेल. तिने उलट विचारलं होतं, इथे बऱ्याचदा ढग असतात, चंद्र दिसत नाही, मग वेळ कोणती धरू? मी लिहिलं, पंचांगात छापलीय तीच धर.

पंचांगातली वेळ मुंबईची. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मला ते माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. पण सासूने पंचांगातली वेळ धर म्हटलं म्हणजे मुंबईला चंद्र उगवेल तेव्हा, असा तिने अर्थ घेतला, आणि साडेतीन तास मिळवले. मुंबईचे सव्वानऊ म्हणजे तिथले पाऊण. इचिकावाचा चंद्र कधीच वर येऊन गेलेला असायचा आणि ही बाई मुंबईच्या चंद्रासाठी उपाशी बसायची. बसून बसून झोपून जायची, आणि सकाळपर्यंत तशीच. अशा आठ-नऊ संकष्ट्या तिने काढल्या होत्या. त्या कचऱ्याच्या दिवसाची तारीख मी नंतर पंचांगात बघितली. संकष्टीचा दुसरा दिवस.

जमिनीवर पडली तीसुद्धा संकष्टीच्या दुसऱ्या सकाळी. आदल्या दिवशी तिच्या जोडीला म्हणून मीही नुसतं पाणीच घेतलं होतं. दिवसभर ती भिंतीला टेकून होती, बोलताना अडखळत होती. मला वाटलं, उपवास आहे, होणारच.

अँब्युलन्सने आम्हाला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. रक्त काढलं, साखर इतकी उतरलेली की डॉक्टरने तो कागद दोनदा बघितला. सलाइनमधून साखर गेली आणि ती डोळे उघडून म्हणाली, "आई, तुमचा उपवास सुटला का?" मी तिला गप्प राहायला सांगितलं, कारण माझ्या तोंडून दुसरं काही निघालं असतं.

डॉक्टरने मुलाला विचारलं, जेवली कधी होती? मुलाने सांगितलं, उपवास होता. जपानीत त्याने शब्द वापरला दान्जिकी. तो शब्द ऐकताच डॉक्टरचा चेहरा कोरा झाला. तिथे दान्जिकी म्हणजे बुवा-संन्यासी डोंगरावर बसून करतात ते. त्याने आमच्याकडे बघितलं, माझ्या कुंकवाकडे बघितलं, आणि मुलाला म्हणाला, धर्मासाठी उपाशी राहिलं तर साखर उतरणारच. घरी न्या, जेवायला घाला. झालं. त्यापुढे एक प्रश्न विचारला नाही.

आणि माझा मुलगा काय म्हणाला? ट्रेनमध्ये म्हणाला, "बघितलंस? तुझ्या उपवासांनी झालं हे सगळं." सकाळी नाटक होतं, आता माझे उपवास. तो सोडून सगळ्यांची चूक.

मी ऐकून घेतलं, कारण अर्धं खरं होतं. उपवास बंद केले. तिला रात्री पोटभर वरणभात घातला, झोपताना दूध दिलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या सकाळी ती न्हाणीघरात आरशासमोर उभी होती आणि आरशातल्या बाईला विचारत होती, "तुम्ही कोणाकडे आलात?"

रात्री जेवली होती. दूध प्यायली होती. मग हे काय?

तिला साखर चाटवून मी बसून विचार केला. मी बासष्ट वर्षांची. त्या दिवशी तोच उपवास, तेच पाणी, तेच घर. मी उभी होते आणि ती पडली. चाळीस वर्षं मी संकष्टी करते, माझ्या ओळखीच्या शंभर बायका करतात, कडक चतुर्थ्या करणाऱ्याही आहेत. कुणाच्या तोंडाला फेस येत नाही. म्हणजे उपवासाने आजार झालेला नाही. आजार आत आहे, उपवास फक्त त्याला बाहेर काढतो. ह्याला काय मोठी शाळा लागते? पण दोन डॉक्टर आणि एक बँकेचा ऑफिसर, कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

इचिकावात एक मराठी बाई राहत होती, नवरा जपानी, वीस वर्षं तिथेच. स्टेशनजवळच्या भाजीच्या दुकानात माझी साडी बघून तिनेच मला हाक मारली होती, "मावशी, कुठल्या तुम्ही?" तिची मुलं तिला जपानीत उत्तरं द्यायची आणि ती त्यांना मराठीत शिव्या द्यायची, त्यामुळे मला ती आवडली. मी तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मावशी, दान्जिकी कशाला म्हणाला तुमचा मुलगा? तो शब्द ऐकला की हे लोक देवाधर्माच्या नादाला लागलेले समजतात. उद्या मी येते. आपण मोठ्या हॉस्पिटलात जाऊ."

"मुलगा रजा घेणार नाही म्हणतो."

"त्याला कोण विचारतंय? त्याला ऑफिसात बसू दे, टेबल पुसत."

मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर पन्नाशीचा होता. आधी तोही कागदच बघत होता. बाईने माझं म्हणणं त्याला सांगितलं, जसं मी बोलले तसंच: मीही उपाशी होते, मी का नाही पडले? त्याने पेन खाली ठेवलं. मग बाईला म्हणाला, ओबाआसानने आणखी काय काय बघितलं ते विचारा. जपानात म्हातारीला ओबाआसान म्हणतात. त्या देशात मला कुणी पहिल्यांदा काही विचारलं ते असं. मी सगळं सांगितलं. पहाटेची बिस्किटं, चहाचे तीन चमचे, पंधरा मिनिटं, घाम, वाढलेलं वजन. तो लिहून घेत होता.

मग तो म्हणाला, हिला इथे ठेवून उपाशी ठेवावं लागेल. लागलं तर तीन दिवस.

हे ऐकून संध्याकाळी मुलगा भडकला. "एक डॉक्टर म्हणतो उपाशी ठेवू नका, दुसरा म्हणतो ठेवा! ह्यांचं तरी डोकं ठिकाणावर आहे का?"

बाई त्याला म्हणाली, "घरी करतात ते दान्जिकी, हॉस्पिटलात करवतात ते झेश्शोकू. ते देवासाठी, हे डॉक्टरसाठी."

"पोटाला काय फरक?" मी विचारलं.

"पोटाला काही नाही मावशी. कागदावर फरक."

तिला वॉर्डात ठेवलं आणि रात्रीचं जेवण झाल्यावर तिचा झेश्शोकू सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती मला ओळखेनाशी झाली. घाम फुटला, जीभ जड झाली, चादर ओढून ती उठायला बघायला लागली. मी कमरेच्या पिशवीत खडीसाखर ठेवली होती. मी खडा काढला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. नर्सने माझं मनगट धरलं. बारीक चणीची पोर, पण पकड अशी की हात हलेना. आधी रक्त काढायचं, मग साखर. रक्त न काढता साखर दिली तर सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून उपाशी ठेवावं लागेल. बाईने हे मला समजावेपर्यंत माझी सून डोळ्यासमोर तडफडत होती आणि नर्स शांतपणे नळ्यांमध्ये रक्त घेत होती, एक, दोन, तीन, चार. मी त्या नर्सला काय काय बोलले ते बाईने भाषांतर केलं नाही. बरं केलं.

रक्तातून निघालं ते असं. पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. साखर उतरवणारं इन्शुलिन तिथे तयार होतं. साखर खाली गेली की ते थांबायला हवं. तिचं थांबत नव्हतं. कुठेतरी एक गाठ बसली होती, जी खाल्लं-न खाल्लं न बघता इन्शुलिन सोडत राहायची. मेंदूला साखर मिळत नाही, मग माणूस वेड्यासारखं वागतं, आणि फारच उतरली तर झटके येतात, बेशुद्ध होतं, त्यातच मरतं. अशी गाठ फार क्वचित होते. झाली तरी लोकांना आधी वाटतं वेड, फिट किंवा दारू. पोटातली गाठ, पण पोटात दुखत नाही, हाताला लागत नाही, डोक्यात दिसते. कित्येकजण वर्षानुवर्षं वेड्यांच्या गोळ्या खातात, असं तो डॉक्टर म्हणाला. तिने आठ महिने खाल्ल्या होत्या.

मशीनवर काढलेल्या फोटोत गाठ दिसली नाही. मांडीतून बारीक नळी घालून आतल्या रक्तवाहिन्या तपासल्या तेव्हा ती कुठल्या बाजूला आहे ते कळलं. मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने मुलाला, मला आणि भाषांतराला बाईला एका छोट्या खोलीत बोलावलं. तिला नाही. ती वॉर्डात बसलेली. तिथली तेव्हाची पद्धतच ती, गाठ म्हटलं की आधी घरच्यांना सांगायचं, रोग्याला सांगायचं की नाही ते नंतर बघायचं.

मी बाईला म्हटलं, "त्याला विचार, पोट कुणाचं कापणार? माझं कापणार असेल तर मला सांग म्हणावं."

"मावशी, असं नाही बोलत इथे."

"मग कसं बोलतात तसं बोल. पण हेच बोल."

मुलगा म्हणाला, "आई, तिला टेन्शन येईल."

"आठ महिने वेडी म्हणवून घेतलं, तेव्हा नाही आलं टेन्शन? आता तू वेडी नाहीस, एवढं सांगायला तुमची जीभ अडखळते?"

बाईने काय सांगितलं मला माहीत नाही, बरंच लांब सांगितलं. डॉक्टरने नर्सला पाठवून तिला बोलावून घेतलं. त्याने कागदावर चित्र काढलं आणि सांगितलं, ही कॅन्सरची गाठ दिसत नाही, साधी गाठ आहे. ती ते चित्र बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते." तिने उत्तराची वाटही बघितली नाही, डॉक्टरकडे वळली आणि ऑपरेशन कधी ते विचारलं.

साधी गाठ! हा शब्द मला आजही सहन होत नाही. शरीरात पसरत नाही म्हणून साधी. ती जागची हलली नाही आणि तिने माझ्या सुनेचं डोकं, संसार, अब्रू सगळं खाल्लं. नवऱ्याने टाकायची तयारी केली, सासू न्यायला आली, माहेरी निरोप गेला. डॉक्टर लोकांनी दुसरा शब्द शोधावा.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार उलटून गेली तरी चाललं. मग डॉक्टर बाहेर आला, हातात स्टीलची लहान थाळी. कापलेलं घरच्यांना दाखवायची तिथे रीत आहे. थाळीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा लालसर गोळा होता. तो म्हणाला, शेवटी बोटानेच सापडली, चाचपडून. मुलाने तोंड फिरवलं. मी नीट बघितला. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं सगळं झालं, ते बघायला नको?

त्यानंतरही सुखासुखी झालं नाही. कापलेल्या जागेतून आतला रस झिरपायला लागला, ताप चढला, कुशीतून नळी काढून ठेवली होती ती तीन आठवडे राहिली. त्यातले चार दिवस डॉक्टर काही बोलायचे नाहीत, नुसते तापाचा कागद बघून जायचे. मी रोज जायचे. हॉस्पिटलात रोग्याचे कपडे, टॉवेल, पेला, जेवायच्या काड्यासुद्धा घरून न्यायच्या, ते मी धुऊन न्यायचे. मुलगा ऑफिस सुटल्यावर यायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा. एकदा त्याने मला विचारलं, "आई, ती मला माफ करेल का?" मी म्हटलं, तिला विचार, मी काय तिची वकील आहे? त्याने विचारलं की नाही ते मला ठाऊक नाही. मीही तिला त्या पत्राबद्दल सांगितलं, की कडक उपवास कर असं मी लिहिलं ती माझी चूक. ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं नसतं तर इतकं जोरात कधी बाहेर आलं नसतं, आई." हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. मी ते धरून चालत नाही.

नातेवाइकांचं सांगायचं तर ते अजून म्हणतात, "हिचं वेड जपानात जाऊन बरं झालं." मी लग्नाकार्यात उठून सांगते, वेड नव्हतं, गाठ होती. ते माना डोलावतात आणि पाठ वळली की पुन्हा तेच.

चौथ्या आठवड्यात ताप उतरला, नळी निघाली, आणि तिने सकाळी काही न खाता रक्त दिलं, शुद्धीत, गप्पा मारत. साखर बरोबर होती. ती जगली. आज ती पन्नाशी ओलांडून ठाण्याला राहते.